दिवसाआड एक

७ जानेवारी

ताई,

शि. सा. न. वि. वि. ही अक्षरं कुठल्या क्रमानं येतात ते मला शाळेत कधी जमलं नाही, तेव्हा ती तू मनानंच घाल. फोनवर आपण तिसऱ्या वाक्याला भांडतो, म्हणून तू म्हणालीस पत्र लिही, तर लिहिते. पत्रात निदान तुला मध्येच बोलता येत नाही.

तू परत गेलीस त्याला आठ दिवस झाले. बाबा बरे आहेत. म्हणजे हृदय अर्धंच काम करतं, उरलेलं अर्धं तोंड भरून काढतं. सकाळी खिडकीशी खुर्ची, दुपारी झोप, आणि मधल्या वेळात मला बोलणी. गाडीची वेळ झाली तेव्हा घाईघाईनं तू पाकिटाच्या पाठीवर लिहून दिलंस, ‘हृदयाची गोळी – दिवसाआड एक. विसरायचं नाही’, आणि खाली दोन रेघा, ते मी कपाटाच्या दारावर चिकटवलंय. विसरत नाही गं. समोरच्या पाण्याच्या टाकीआड दिवस गेला की मी उठते, पेला भरते, गोळी हातावर ठेवते. आयुष्यात इतक्या नेमानं मी काहीच केलेलं नाही. तंबूवाल्यांच्या नोकरीत तर मी एकदा खुंट्याच विसरून आले होते आणि सगळा तंबू... ते जाऊ दे.

काल बाबा म्हणाले, “भिंगरे, थोरली तेरा वर्षं त्या प्रयोगशाळेत करते तरी काय?” मी म्हटलं, पंपावर काम करते. अगं, उठून बसले! चाळीस वर्षं लोकांच्या विहिरीतले पंप उघडले त्यांनी, आणि पोरगी पंपावर आहे हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. “किती हॉर्सपॉवर? वायसर चामड्याचा की रबराचा? पाणी परत खाली जाऊ न देणारा फुटवॉल आहे का?” मी म्हटलं, तो पेशीच्या पापुद्र्यात बसतो, डोळ्यांना दिसत नाही. तर म्हणे, “न दिसणारा पंप दुरुस्त करायला तेरा वर्षं लागणारच.”

तेव्हा नीट समजावून लिही. मला नाही, त्यांना. मी दोन महिने म्हणून आलेय, हे लक्षात आहे ना?

तुझी
भिंगरी


१५ जानेवारी

प्रिय भिंगरी,

बाबांना वाचून दाखव.

बाबा, वायसर नाही आणि मोटरही नाही. एक लांबलचक दोरा स्वतःभोवती गुंडाळून त्याची गाठ व्हावी, तशी ती वस्तू आहे. पापुद्र्यात आरपार रुतलेली. तिच्या पोटात एक खाच आहे. खाचेचं तोंड पेशीच्या आतल्या बाजूला असतं तेव्हा तिचा आकार असा असतो, की सोडियम नेमका बसतो. असे तीन बसले की आतलं दार लागतं. मग एटीपी नावाचं इंधन स्वतःचा एक तुकडा तोडून गाठीला चिकटवतं. गाठ पिळवटते आणि बाहेरचं दार उघडतं. आता खाच तीच, पण तिच्या कडा जराशा सरकलेल्या. सोडियमवरची पकड ढिली पडते आणि तो आपोआप सुटतो. त्याला ढकलावं लागत नाही. त्या सैल खाचेत आता पोटॅशियम बसतो, कारण तो अंगानं थोराड. दोन बसले की बाहेरचं दार लागतं, चिकटलेला तुकडा गळून पडतो, गाठ पूर्ववत होते आणि पोटॅशियम आत सुटतात. तीन बाहेर, दोन आत. सेकंदाला शंभरेक वेळा.

हे कशासाठी? गळतं म्हणून. पापुद्रा गळका आहे. उपसलेलं पुन्हा आत येत राहतं. स्वस्थ पडलेलं असताना खाल्लेल्या अन्नातला चौथा-पाचवा हिस्सा माणूस एवढ्यावरच घालवतो. हे काम कधी संपत नाही. आजकाल मला त्याचीच दया येते.

मी तेरा वर्षं एकाच क्षणाच्या मागे आहे. दोन्ही दारं लागलेली आणि आयन, म्हणजे हेच सोडियम-पोटॅशियमचे कण, मध्ये कोंडलेले, ना आतले ना बाहेरचे. तिथेच पंपाला गोठवून त्याचं चित्र मिळवायचं. तो क्षण थांबत नाही. मी थांबले आहे.

आणि भिंगरी, तुमची ती गोळी याच पंपावर बाहेरून जाऊन बसते, बोळा कोंबल्यासारखी. थोडे पंप अडले तर हृदय जोरानं आवळतं, तेवढंच आपल्याला हवं असतं. जास्त अडले तर धोका. गुण आणि विष यांत फार अंतर नाही. म्हणून ती मोजून असते. बाबांच्या मूत्रपिंडांतून ती लवकर बाहेर पडत नाही, म्हणून आणखी मोजून.

दोन महिने लक्षात आहेत. मार्चमध्ये बघते.

ताई


२७ जानेवारी

ताई,

वाचून दाखवलं. दोनदा. दुसऱ्यांदा मध्येच थांबवून म्हणाले, “दोन्ही दारांचे वॉल एकदम उघडे राहिले तर?” मला काय ठाऊक! मग स्वतःच म्हणाले, “तर तो पंप नव्हे, नुसतं भोक. एक लागल्याशिवाय दुसरा उघडायचा नाही, हेच तर सगळं इंजिनियरिंग. थोरलीला सांग, बापाला कळलं.” आणि मग भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. रडले की काय कोण जाणे. विचारलं तर म्हणाले, थकलोय.

थकलेत खरेच. ताटाला हात लावत नाहीत. म्हणतात, अन्नाचा वास नको. मी केलेलं आहे म्हणून नव्हे, समोरच्या शिंपीणकाकूंनी करून दिलेलंही नको. (शिंपीणकाकूंची मांजर आपल्या माळ्यावर व्याली. चार. एकाला फक्त डावा कान काळा.) आणि एक गंमत सांगते. परवा विचारतात, “भिंतीला पिवळा रंग कधी दिलास?” मी म्हटलं, चुन्याची भिंत आहे, पांढरीच आहे. “नाही, पिवळी आहे. तूपण पिवळी दिसतेस. कावीळ झाली का?” मी पोट धरून हसले. मग वाटलं पडद्यांमुळे असेल, म्हणून पडदे उतरवून धुतले. तरी पिवळंच. दिव्याभोवती कडं दिसतं म्हणतात. चष्म्याचा नंबर वाढला असणार, पण दुकानापर्यंत न्यायचं कसं? जिन्यावर मध्येच बसतात. नाडी मोजायला शिकले आहे मी, काल अठ्ठेचाळीस आली, म्हणजे शांत झोपतात म्हणायचं.

खरी बातमी शेवटी. रस्ता मोजणाऱ्यांची तुकडी एक मार्चला निघतेय, चार महिने उघड्या माळावर. उंची मोजायची पट्ट्यांची काठी धरून उभी राहील अशी मुलगी हवीय. मी हो म्हटलंय. काठी धरून उभं राहणं मला जमेल, नाही का?

भिंगरी


३ फेब्रुवारी

भिंगरी,

तुझं पत्र काल सकाळी अकराला हातात पडलं. अकरा वाजून पाच मिनिटांनी मी दवाखान्यात फोन केला. पुढचं तुला माहीतच आहे. गाडी आली, त्यांना नेलं, छातीला तारा लावल्या. डॉक्टर म्हणाले, आणखी चार दिवस गेले असते तर बोलायला काही उरलं नसतं.

पिवळं दिसणं, अन्नाचा वास नकोसा होणं, नाडी मंद, ही सगळी त्या गोळीची लक्षणं. अंगात दुपटीनं साठली होती. तेरा वर्षं मी ज्या पंपाजवळ बसून आहे, तोच माझ्या बापाच्या छातीत अडत चालला होता आणि मला ते मांजराच्या पिल्लांनंतर कळलं. तुला बोल लावत नाही. तुला काय माहीत असणार?

पण हे कसं झालं, याचा विचार रात्रभर केला. मी स्पष्ट लिहून दिलं होतं. दिवसाआड म्हणजे आज दिली की उद्या नाही, परवा. डॉक्टरांनीही कपाटावरचा कागद मागवून पाहिला आणि मान डोलावली. म्हणजे मात्रा बरोबर होती. मग गोळीच चुकीची होती. दुसरी बाटली तू जानेवारीच्या मध्यावर आणलीस ना, दवाखान्यातल्या कंपाउंडरकाकांकडून? त्यांनी दुप्पट ताकदीची भरली असणार. डोळ्यांनी नीट दिसत नाही त्यांना, सगळ्यांना ठाऊक आहे. मी दवाखान्याच्या मुख्यांकडे लेखी तक्रार धाडली आहे. आपल्या बाबांचं निभावलं, दुसऱ्या कुणाचं निभावणार नाही.

तू फक्त त्यांच्यापाशी बस.

ताई


१२ फेब्रुवारी

ताई,

बाबा घरी आले. भिंत पांढरी दिसते. पिल्लं पांढरी दिसतात. नाडी साठ. अर्धी वाटी खातात. गोळी सध्या बंद आहे.

कंपाउंडरकाका भेटायला आले होते. खुर्चीवर टेकले नाहीत, दारातच उभे राहिले. बाबांना म्हणाले, “मिस्त्री, आमच्या घरचा पंप तुम्ही बसवलेला, अजून पाणी ओढतोय.” माझ्याकडे एकदा बघितलं आणि गेले.

शिंपीणकाकूंनी एक पिल्लू ठेवून घेतलं. बाकी काही नाही. लिहायला काही सुचत नाही.

भिंगरी


२० फेब्रुवारी

प्रिय भिंगरी,

तुला लिहायला सुचत नाही म्हणजे तू आजारी असणार. पानभर मांजरं लिहिणारी तू.

चौकशी संपेपर्यंत कंपाउंडरकाकांना घरी बसवलं आहे, असं मुख्यांचं पत्र आलं. राहिलेल्या गोळ्या तपासायला पाठवल्यात. काकांनी एवढंच लिहून दिलं आहे, की ‘दुसरी बाटली ठरल्यापेक्षा लवकर दिली, ही माझी चूक.’ लवकर म्हणजे काय, ते मला समजलं नाही. वयाच्या बासष्टाव्या वर्षी माणसाला घरी बसवलं, याचं वाईट वाटतं. पण वाटून काय करू?

तुला एक सांगायचं राहिलं होतं. राहिलं नव्हतं, टाळलं होतं. मी नाताळच्या सुट्टीनंतर परत आले त्याच आठवड्यात दुसऱ्या एका प्रयोगशाळेनं ते चित्र छापलं. दोन्ही दारं लागलेली, आयन मध्ये. मी जसं असेल म्हणत होते, अगदी तसंच. सहकारी म्हणाले, म्हणजे तू बरोबरच होतीस. हो. मी तेरा वर्षं बरोबर होते. रोज जाते, थंड खोलीत नळ्या लावते, संध्याकाळी धुते. कशासाठी, ते विचारू नकोस.

तुला एक तारखेला निघायचं आहे. मला मार्चअखेरीपर्यंत तरी सुटता येणार नाही. शेजारी कुणी बघेल का?

ताई


२ मार्च

ताई,

काठी धरायला दुसरी मुलगी गेली. काल सकाळी त्यांचा ट्रक आपल्या गल्लीच्या टोकाशी थांबला, भोंगा वाजवला, मी खिडकीत उभी होते, खाली गेले नाही. तुझ्यासाठी थांबले असं समजू नकोस. वाच म्हणजे कळेल.

हे पत्र मी सहा वेळा लिहून फाडलं. दर वेळी सुरुवातीला तंबूवाल्यांची गोष्ट यायची. आता सरळ सांगते.

गोळ्या बरोबर होत्या. काका बरोबर होते. मी रोज एक दिली.

तुला आठवतं, लहानपणी आपण खाली खेळायचो आणि आई गॅलरीतून ओरडायची, “दिवस आड गेला, आत या!” टाकीआड. आपल्या घरात सूर्य मावळायचा नाही, आडच जायचा. बाबा कामाला निघताना म्हणायचे, “दिवस आड गेला की येतो.” तू कागदावर लिहिलंस, दिवसाआड एक. मी वाचलं, दिवस आड गेला की एक. शपथ घेऊन सांगते, दुसरा काही अर्थ असेल असं मनातही आलं नाही. म्हणून तर इतक्या नेमानं दिली. टाकीच्या मागे दिवस टेकला की मी उठलेच. एकदाही चुकले नाही, ताई. तिथेच चुकले.

पहिल्या बाटलीत पंधरा होत्या. पंधरवड्यात संपल्या. मी दुसरी आणायला गेले तर काका म्हणाले, “अगं, महिनाभर पुरायला हव्यात ना?” मी म्हटलं, “काका, बाबांना लागतात हो,” आणि हसले. माझ्यामागे तेव्हा रांग होती. दिली त्यांनी बाटली. म्हणजे त्यांना सगळं कळलेलं आहे. दारात उभे राहून माझ्याकडे बघितलं ना, ते त्याचसाठी. आणि लिहून काय दिलं? माझी चूक.

तुझं तीन तारखेचं पत्र आलं, ‘आज दिली की उद्या नाही, परवा’ हे वाचलं, आणि कळलं. त्याच दिवशी सांगायला हवं होतं. बाबा वाचले होते, मला वाटलं, मिटलं. तू म्हणालीस, ‘तुला काय माहीत असणार?’ नववीत दोनदा बसलेलीला काय माहीत असणार, हेच ना? ते वाचून लपायला जागा मिळाली. त्या जागेत मी महिनाभर बसले. तुझ्या त्या कोंडलेल्या आयनासारखी, ना इकडची ना तिकडची.

आज सकाळी बाबांना सांगितलं. त्यांनी टाकीकडे बघितलं. मग म्हणाले, “पंप बिघडला की लोक आधी कंपनीला शिव्या देतात. नव्वद टक्के वेळा आपलाच हात उलटा फिरलेला असतो. काकांकडे जा.” गेले. काकांच्या पायऱ्या चढून दार वाजवलं आणि मला बोलताच येईना. मला! काका म्हणाले, “तू सांगशील असं वाटलं होतं. जरा वेळ लावलास.” मी मुख्यांनाही लिहून दिलंय, खाली सही केलीय. सही करून आले आणि जिन्यावर बाबा बसतात त्याच पायरीवर बसले.

आता तू काय म्हणायचं ते म्हण. पत्र आहे, मला मध्ये बोलता येणार नाही.

भिंगरी


१० मार्च

भिंगरी,

चार दिवस काही लिहू शकले नाही. पहिले दोन दिवस रागानं. खोटं कशाला सांगू.

तिसऱ्या दिवशी मी तुझं सात जानेवारीचं पत्र काढलं. त्यात तूच लिहिलं होतंस: टाकीआड दिवस गेला की मी उठते, गोळी हातावर ठेवते. मी ते वाचलं होतं, आणि संध्याकाळी देतेस एवढंच समजले होते. त्याच गॅलरीखाली मीही वाढले आहे. ‘दिवस आड गेला’ या हाकेला मी तुझ्याआधी सात वर्षं धावत वर गेले आहे. तो शब्द त्या घरात लिहिताना मला खटकायला हवा होता. मी लांबच्या लोकांना कळेल असं लिहिलं, घरच्यांना कळेल असं नाही. गाडी चुकेल म्हणून, उभ्याउभ्या.

तक्रार मागे घेतली. काकांना वेगळं पत्र लिहिलं. माफी मागायची माझी सवय इतकी मोडली आहे, की चार ओळींना एक दुपार गेली.

आणि मी येते आहे. एकवीस तारखेला. आठ दिवसांसाठी नाही. इथली खोली सोडली. कुणी ढकललं नाही, कुणी बोलावलंही नाही. आज सकाळी थंड खोलीचं दार लावताना जाणवलं, की माझा हातच ढिला पडला आहे. बाबांना हे नीट सांग. पंपाबद्दल त्यांना कळतं.

एक अट. मी पोचेपर्यंत तू निघायचं नाहीस. एक लागल्याशिवाय दुसरं उघडायचं नाही.

ताई


४ एप्रिल

ताई,

तुकडी मला तिसऱ्या ठाण्यावर सापडली. काठी धरायला गेलेली मुलगी पाचव्या दिवशी पळाली होती, तेव्हा जागा माझ्या वाटेकडे डोळे लावूनच होती. सकाळपासून काठी धरून उभी असते. साहेब दुर्बिणीतून ओरडतात, “हलू नकोस!” मला! बाबांना सांग, त्यांना हसू येईल.

तू कपाटावर लावलेली दिनदर्शिका निघताना पाहिली. नव्या, अर्ध्या गोळीच्या दिवसांवर लाल फुली, सुटीच्या दिवशी काही नाही, आणि खाली बाबांनी त्यांच्या जाड पेन्सिलीनं लिहिलंय, ‘फुली = गोळी. कोरं = गोळी नाही. टाकीकडे बघू नये.’ त्या कागदाचा फोटो काढायला हवा होता.

मी दाराबाहेर पडले तेव्हा तू दार लगेच लावलं नाहीस. मी वळून बघितलं नाही, पण कडीचा आवाज आला नाही एवढं कळलं. पहिल्या वळणापर्यंत आला नाही. मग आला.

थकवा असा आहे, की पाठ जमिनीला टेकली की संपलं. तरी लिहितेय, कारण ठरवलंय. दिवसाआड एक पत्र. विसरायचं नाही, खाली दोन रेघा. आज दिवस आड गेला, पण इथे टाकी नाही, झाड नाही, काहीच नाही. तो कशाच्या आड जात नाही, नुसता खाली जातो. बरंच झालं म्हणायचं. चुकायला जागा नाही.

तेव्हा आज हे लिहिलं. उद्या नाही. परवा.

भिंगरी